यंत्र सुस्थितीत आहे

बायकोच्या परीक्षेला तेरा दिवस उरले होते आणि सोमवारी सकाळी आमचा कॉम्प्युटर सुरू झाला नाही. मंगळवारी झाला. बुधवारी सकाळी झाला नाही, दुपारी झाला, आणि संध्याकाळी मी शेजाऱ्यांना "झाला हो झाला" म्हणून सांगून येईपर्यंत बंद पडला. एखादी वस्तू कायमची बिघडली तर माणूस चार दिवस हळहळतो आणि तिचा नाद सोडतो. पण अधूनमधून चालणारी वस्तू धड जगू देत नाही आणि आशाही सोडू देत नाही. बटण दाबलं की आतला पंखा अर्धा फेरा घ्यायचा, हिरवा दिवा एकदा डोळा मिचकवायचा आणि सगळं गप्प. मी पुन्हा दाबायचो. तो पुन्हा डोळा मिचकवायचा. या वयात माझी अशी चेष्टा आजवर कोणी केली नव्हती.

परीक्षा साधीसुधी नव्हती. बायको सार्वजनिक वाचनालयात सव्वीस वर्षं सहायक आहे. तेवढ्या काळात तीन ग्रंथपाल आले आणि गेले. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे तिघांनाही हिनेच शिकवलं, आणि तिघांच्याही निरोपाची भाषणं हिनेच लिहून दिली. ग्रंथपालाच्या खुर्चीवर बसायचं तर खात्याची परीक्षा द्यावी लागते, ती चार वर्षांतून एकदा होते, आणि वयाची अट बावन्न. हिला पुढच्या महिन्यात बावन्न पूर्ण होणार होती. म्हणजे जे काय व्हायचं ते पुढच्या रविवारच्या परीक्षेतच. हिने दोन वर्षं पहाटे उठून अभ्यास केला होता, तोही मला न सांगता. मला वाटत होतं हिला झोप येत नाही.

आता कोणी म्हणेल, मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर द्यायची परीक्षा. म्हणणाऱ्याचं काय जातं? परीक्षा घरून, कॅमेऱ्यासमोर द्यायची होती आणि त्यासाठी यंत्राचा क्रमांक महिनाभर आधी अर्जात नोंदवायचा होता. 'एकदा नोंदवलेले यंत्र बदलता येणार नाही' असं तिथे ठळक अक्षरांत लिहिलं होतं. समोरच्या वहिनी तेव्हाच त्यांचा लॅपटॉप द्यायला तयार होत्या. मीच नको म्हटलं. आपलं स्वतःचं यंत्र घरात असताना लोकांच्या दारात कशाला जायचं? शिवाय आपला पडदा मोठा. तो अर्ज मी माझ्या हाताने भरला आणि क्रमांक दोनदा ताडून पाहिला. क्रमांकात चूक नव्हती, एवढंच समाधान.

माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी वजनमापं तपासणीच्या कार्यालयात आहे. दुकानदारांचे तराजू तपासायचे, बरोबर असले तर शिक्का मारायचा, नसले तर जप्त करायचे. एकोणतीस वर्षांत मी एकही खोटा शिक्का मारलेला नाही. दुकानदार काय म्हणतो ते ऐकायचं नाही, काटा काय म्हणतो ते बघायचं, ही माझी पद्धत. तेव्हा कॉम्प्युटरच्या बाबतीतही मी कार्यालयातून आणलेल्या शिस्तीनेच वागलो. एक वही केली. तारीख, वेळ, बटण दाबणाऱ्याचं नाव, निकाल आणि शेरा, असे रकाने आखले. पहिल्या तीन दिवसांत एकवीस वेळा बटण दाबलं गेलं, त्यांपैकी आठ वेळा यश. बायकोने वही बघितली आणि विचारलं, "यावरून काय कळलं?"

मी म्हटलं, "अजून नोंदी कमी आहेत."

"परीक्षेपर्यंत पुरेशा होतील ना?" एवढं म्हणून ती अभ्यासाला बसली.

गुरुवारी खालच्या मजल्यावरचे बॉयलरवाले आले. हे गृहस्थ पस्तीस वर्षं एका कारखान्यात बॉयलर सांभाळत होते आणि निवृत्त झाल्यापासून इमारतीतली प्रत्येक वस्तू त्यांना बॉयलर वाटते. त्यांनी कॉम्प्युटरच्या पेटीला हात लावला, डोळे मिटले आणि सांगितलं, "थंड पडलंय. आतून गरम झाल्याशिवाय सुरू होणार नाही." मी बायकोचं केस वाळवायचं यंत्र आणलं आणि पाच मिनिटं पेटीच्या मागच्या जाळीतून गरम हवा सोडली. बटण दाबलं. सुरू झाला. बॉयलरवाल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांच्यासाठी चहा टाकायला उठलो. चहा होईपर्यंत कॉम्प्युटर बंद पडला होता, पण ते चहा पिऊन गेले, आणि जाताना म्हणाले, "सातत्य ठेवा."

मी सातत्य ठेवलं. शुक्रवारी केस वाळवायचं यंत्र जळालं.

मग समोरच्या वहिनी आल्या. लॅपटॉप नाकारल्याचा राग त्यांच्या मनात नव्हता, हे त्यांनी आल्या आल्या तीनदा सांगितलं. त्यांच्या मते सगळा दोष धुळीचा. "आमच्याकडे मी आठवड्याला पुसते," त्या म्हणाल्या आणि आमच्या घरावरून एक नजर फिरवली. ती नजर बायकोला लागली. तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "उघडा ती पेटी. एकदा होऊनच जाऊ दे." शिलाई मशीनच्या स्क्रू-ड्रायव्हरने मी पेटी उघडली. धूळ होती, नाही असं नाही. त्याशिवाय एक मेलेलं झुरळ आणि माझी हरवलेली पेनाची टोपी निघाली, ती आत कशी गेली ते मला आजतागायत कळलेलं नाही. सगळं झाडून, पुसून, फुंकून पेटी पुन्हा लावली, तेव्हा एक स्क्रू उरला. कुठला ते सांगता येईना. वहिनी म्हणाल्या, कंपन्या एखादा जास्तीचाच देतात. बटण दाबलं. दिव्याने डोळा मिचकवला. वहीत मी शेरा लिहिला: स्वच्छतेचा परिणाम नाही, एक स्क्रू शिल्लक.

शनिवारी मी हात टेकले आणि दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो खुर्चीत बसला, बटण दाबलं, सुरू झाला. बंद केला, पुन्हा दाबलं, सुरू झाला. "काय होतंय याला?" त्याने विचारलं. मी त्याला वही दाखवली. त्याने वही मन लावून वाचली, आणि मग माझ्याकडेही तशीच मन लावून पाहिलं. त्याचा पाय उंबऱ्याबाहेर पडायला आणि कॉम्प्युटर बंद पडायला एकच गाठ पडली. त्याला जिन्यातून परत बोलावलं. तो पेटी दुकानात घेऊन गेला, आत वीज पोचवणारा डबा बदलला, बटण बदललं, एक चपटी बॅटरी बदलली आणि मंगळवारी पेटी परत आणून दिली.

"दुकानात बारा वेळा लावला. बाराही वेळा झाला. यात काही नाही साहेब."

त्याच्यासमोर लावला. झाला नाही.

"दुकानात होतो," तो पुन्हा म्हणाला.

आता इथे शहाण्या माणसाने थांबून विचार केला असता. पण दुकानदाराच्या तोंडच्या शब्दावर मी एकोणतीस वर्षांत शिक्का मारलेला नाही. प्रत्येक तराजूवाला मला हेच सांगतो, साहेब, काल बरोबर होता. मी त्याला म्हटलं, "तुम्ही लावूनच पाहिला नाही." त्याने हत्यारं गोळा केली, उरलेला स्क्रू कुठला तेवढं दाखवलं आणि निघून गेला. नंतर मी तीनदा फोन केला, त्याने एकदाही उचलला नाही.

परीक्षेच्या आदल्या शुक्रवारी सकाळी सहा वाजता कॉम्प्युटर सुरू झाला, आणि मी जाहीर केलं की आता रविवारपर्यंत तो बंद करायचा नाही. बटणाला कोणी हात लावायचा नाही. तिथून आमच्या घरात आजारी माणूस असल्यासारखं सुरू झालं. मिक्सर बंद, इस्त्री बंद, टाच टेकवून चालणं बंद. बॉयलरवाल्यांनी पेटी आडवी झोपवायला सांगितली होती, म्हणून ती दोन जाड शब्दकोशांवर झोपवली. वहिनी दार न वाजवता खिडकीतून खुणेने विचारायच्या, आणि मी खुणेनेच सांगायचो, चालू आहे. मी दोन दिवस रजा काढली आणि पेटीजवळ स्टूल टाकून बसलो. पंख्याचा आवाज माझ्या कानात इतका बसला की त्यातला बारीकसा फरकही मला कळायला लागला. याचा मला अभिमान वाटत होता. मेले ते कान तेव्हाच बधिर झाले असते तर बरं झालं असतं.

शनिवारी दुपारी बायको म्हणाली, "तुम्ही जरा पडा ना. तो चालू आहे."

मी म्हटलं, "चालू आहे म्हणूनच बसलोय."

रविवारी दहाला परीक्षा सुरू झाली. नियम सोपा होता. खोलीत उमेदवाराशिवाय कोणी नको, कॅमेऱ्यात दुसरं माणूस दिसलं की परीक्षा संपली. मी स्वयंपाकघरात, दाराच्या आड, हात मांडीवर ठेवून बसलो. वेळ एक तास, प्रश्न पन्नास. आतून हिच्या माऊसची टिकटिक ऐकू येत होती, आणि ती इतक्या एका लयीत होती की मला कळलं, हिला सगळं येतंय. खरं सांगतो, लग्नानंतर इतकं बरं मला क्वचितच वाटलं असेल. पन्नास मिनिटं झाली. आणि पंख्याचा आवाज बदलला.

घर्रर्र. हा आवाज मी ओळखत होतो. म्हणजे ओळखतो असं मला वाटत होतं. आता हा बंद पडणार, हिची दोन वर्षं आणि सव्वीस वर्षं आडवी होणार, आणि मी इथे मांडीवर हात ठेवून बसणार? पेटी डाव्या बाजूने जरा उचलून धरली की आवाज बसतो, हे मी शुक्रवारी शोधून काढलं होतं. कॅमेरा वर आहे, आपण खालून जाऊ, असा हिशेब केला. दोन्ही हात आणि गुडघे टेकून मी खोलीत शिरलो. छप्पन्न वर्षांचा सरकारी नोकर, रविवारच्या दिवशी, स्वतःच्या घरात रांगत. टेबलापर्यंत पोचलो, पेटीला हात घातला, आणि उचलताना तोल जाऊ नये म्हणून डोकं जरासं वर केलं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला मान वळवायचीही परवानगी नव्हती. ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, "जा. जा ना."

पडद्यावर लाल पट्टी आली. खोलीत अन्य व्यक्ती आढळली. परीक्षा समाप्त.

कॉम्प्युटर चालूच होता. घर्रर्र आवाजही चालू होता. तो खालून येत होता, बॉयलरवाले भिंतीत भोक पाडत होते.

मी तसाच जमिनीवर बसून राहिलो. बायको बराच वेळ त्या लाल पट्टीकडे बघत होती. मग तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि म्हणाली, "बेचाळीस झाले होते. राहिलेले आठही येत होते." तिच्या आवाजात राग असता तर मी कुठेतरी तोंड लपवलं असतं. राग नव्हता, त्यामुळे मला तिथेच बसावं लागलं.

सोमवारी आम्ही दोघं परीक्षा कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाई चांगल्या होत्या, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या सगळ्यात त्यांचा काही दोष नाही. त्यांनी नियमपुस्तक उघडून दाखवलं. फेरपरीक्षा एकाच कारणासाठी मिळते, यंत्रातला बिघाड. खोलीत माणूस शिरला तर नाही.

मी म्हटलं, "पण माणूस बिघाडामुळेच शिरला."

"बिघाड झाला होता का?"

"होणार होता."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मी वही काढली. एकशे सात नोंदी, त्यांतल्या चौऱ्याहत्तर अपयशाच्या, काहींवर साक्षीदार म्हणून बॉयलरवाल्यांची सही. बाई वही घेऊन आत साहेबांकडे गेल्या. अर्ध्या तासाने बाहेर आल्या तेव्हा त्या हसत होत्या. साहेबांनी अशी वही जन्मात पाहिली नव्हती. गुरुवारी यंत्र इथे आणायचं, कार्यालयाचा तंत्रज्ञ ते दहा वेळा सुरू करून बघेल, त्यात एकदा जरी सुरू झालं नाही तरी बिघाड मान्य, आणि फेरपरीक्षा. दहात एकदा! माझ्या वहीप्रमाणे तो दहात सात वेळा बंद पडत होता. जिना उतरताना मी बायकोचा हात धरला. तिने धरू दिला.

बुधवारी संध्याकाळी मी पेटी जुन्या चादरीत गुंडाळत होतो. बायको शेजारी येऊन उभी राहिली. वाचनालयाचं एक पान कधी दुमडलं नाही, उशिरा आलेल्या पुस्तकाचा दंड स्वतःच्या भावालाही सोडला नाही, अशी ही बाई. ती खाली बघत म्हणाली, "अहो, आतली एखादी वायर जराशी सैल करून न्यायची का?"

मी चादरीचं टोक खाली सोडलं.

"एकच," ती म्हणाली. "फार नाही. कोणाला कळणार नाही."

मला तेव्हा काय वाटलं ते स्पष्ट सांगतो. मला मोठेपणा वाटला. मी म्हटलं, "अगं, मी जन्मभर लोकांचे खोटे काटे पकडले. आता आपल्याच घरचा काटा खोटा करू? आणि गरजच काय? तो बंदच पडणार आहे. माझ्याकडे नोंदी आहेत."

"बरं," ती म्हणाली. तिने चादरीचं टोक धरलं आणि मी गाठ मारली.

गुरुवारी तंत्रज्ञाने टेबलावर जागा केली, वायर लावली आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला. मी म्हटलं, पहिल्यांदा होतो कधीकधी. दुसऱ्यांदा सुरू झाला. तिसऱ्यांदा झाला. पंखा असा फिरत होता की नव्या नवरीनेही सासरी इतका शहाणपणा दाखवू नये. पाचव्या वेळेला मी मनातल्या मनात त्याच्या हातापाया पडायला लागलो. अरे, एकदा. आमच्या घरी चौऱ्याहत्तर वेळा पडलास, इथे एकदा पड. सातव्या वेळेला माझा हात आपोआप पुढे गेला आणि तंत्रज्ञ म्हणाला, "साहेब, लांब उभे राहा." बायको भिंतीशी खुर्चीवर बसून होती, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. नववा. दहावा. तंत्रज्ञाने माझ्याकडे बघून, केवळ दयेपोटी, अकराव्यांदाही दाबलं. सुरू झाला.

"घरी विजेचा दाब कमी पडत असेल," तो म्हणाला. "इमारतीची वायर जुनी असेल. पंप, मिक्सर, काहीबाही चालू असलं की हा उचलत नाही. इथे पूर्ण दाब मिळतो. दोष यंत्रात नाही, तुमच्या भिंतीत आहे."

मी साहेबांकडे धावलो. म्हटलं, बिघाड सिद्ध झाला, फक्त तो भिंतीत आहे. साहेबांनी नियमपुस्तक काढलं, खरोखर शोधलं, माझ्यासाठी दोनदा शोधलं. मग चष्म्यावरून म्हणाले, "भिंत हे परीक्षेचं साधन या व्याख्येत बसत नाही." त्यांनी कागदावर 'यंत्र सुस्थितीत आहे' असं लिहिलं आणि वर शिक्का मारला. शिक्का सरळ आणि स्वच्छ उमटला होता. मीही असाच मारतो. त्यात बोट ठेवायला कुठेही जागा नव्हती.

टॅक्सीत पेटी आमच्या दोघांच्या मध्ये होती. मी म्हटलं, "ती वायर सैल करायला हवी होती."

बायको म्हणाली, "असू दे." पुढचे तीन आठवडे ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. भाजी घ्या, दार लावा. भांडण म्हणून नव्हे, तिला बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बॉयलरवाले दोनदा येऊन गेले, मी घरात नाही असं आतूनच सांगितलं. सगळे विचारतात, घरी आणल्यावर तो सुरू झाला का. मला माहीत नाही. चादरीची गाठ मी अजून सोडलेली नाही.

गेल्या सोमवारी वाचनालयात नव्या ग्रंथपाल रुजू झाल्या. एकोणतीस वर्षांच्या आहेत म्हणे. त्या दिवशी बायको संध्याकाळी घरी आली, पर्स खुंटीला लावली, पाणी प्यायली आणि मी न विचारता माझ्यासमोर येऊन बसली.

"मुलगी चांगली आहे," ती म्हणाली. "पटकन शिकते. कपाटं दाखवली सगळी."

मी मान डोलावली.

"तिच्या टेबलावरचा कॉम्प्युटर सुरू होत नाहीये. मध्येच होतो, मध्येच नाही. मला विचारत होती, तुमच्या घरी कोणाला कळतं का हो यातलं."

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला. "मग?"

"आमच्या घरी कोणालाच कळत नाही, असं सांगितलं," बायको म्हणाली.

मी म्हटलं, "बरोबर सांगितलंस." मग ती उठली आणि जाता जाता माझाही पेला धुवायला घेऊन गेली.